एनआयसीयूतल्या चाचणीत इजा ओळखायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर एका औषधाची चाचणी चार रुग्णालयांत सुरू करायची आहे. साधारण 600 बाळं घ्यायची. डेटा कसा ठेवायचा, गंभीर घटना कशा कळवायच्या, आणि सुरक्षितता समिती, म्हणजे डीएसएमबी, खरंच लागते का, की एथिक्स कमिटीवर भागतं? मी काही वर्षं अशा चाचण्यांचा डेटा सांभाळलाय आणि पुढे दोन-तीन समित्यांवर बसलोय, त्या अनुभवावर लिहितो.

समिती लागतेच. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळाला औषधाने झालेली इजा त्या बाळाकडे बघून ओळखूच येत नाही, हे त्याचं खरं कारण. गर्भाच्या 26 आठवड्यांना जन्मलेलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, तर कारण म्हणून पुढे करायला दहा आजार हजर असतात. फुप्फुसं कच्ची होती, मेंदूत रक्तस्राव झाला, सेप्सिस म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग होता. प्रत्येक केस शीट वाचल्यावर पटतं की हे व्हायचंच होतं.

सल्फाची गोष्ट यासाठी माहीत असावी. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि सहकारी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पेनिसिलिन आणि सल्फिसॉक्साझोल हे सल्फा औषध देत. ती रूढ पद्धत होती, कोणाची तक्रार नव्हती. नव्या ऑक्सिटेट्रासायक्लिनशी तिची तुलना करायची म्हणून चाचणी घेतली आणि 1956 मध्ये निकाल छापून आला. सल्फाच्या गटात मृत्यू जास्त होते, आणि शवविच्छेदनात मेंदू पिवळा पडलेली, म्हणजे कर्निक्टेरसची बाळंही त्याच गटात जास्त सापडली. सल्फा बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याला, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून हुसकावतं आणि मोकळं झालेलं बिलिरुबिन मेंदूत उतरतं, हा खुलासा नंतरचा. 1959 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाची तीच गत झाली. बाळाचं पोट फुगतं, रंग राखाडी होतो, रक्तदाब कोसळतो. समोर उभ्या असलेल्या डॉक्टरला हा सेप्सिसच वाटणार. हे औषध न मिळालेल्या बाळांशी आकडे ताडून पाहिले तेव्हा मृत्यू सुमारे तिप्पट निघाले. दोन्ही वेळा खाटेपाशी हुशार माणसं होती. दोन्ही वेळा इजा दिसली ती गट शेजारी-शेजारी मांडल्यावर.

एथिक्स कमिटीकडे ही मांडणी नसते. तिच्याकडे एकेक घटना सुट्टी येते, आणि बाळ कोणत्या गटातलं हे बहुधा झाकलेलं असतं. गटवार आकडे उघडे करून बघण्याचा अधिकार चाचणीत एकट्या डीएसएमबीला असतो. त्यामुळे तुमच्या डेटाची सगळी रचना एका प्रश्नाभोवती बांधा: समितीने विचारलं की आज दोन्ही गटांत किती बाळं आहेत, त्यातली किती गेली आणि कधी गेली, तर खात्रीचं उत्तर किती दिवसांत देता येईल? मी पाहिलेल्या पहिल्या चाचणीत याचं उत्तर अडीच महिने होतं. फॉर्म कागदी, महिन्याला एकदा गठ्ठा यायचा, दोघींनी दोनदा टंकायचा, मग फरक जुळवायचे. टंकलेखनाची चूक जवळजवळ शून्य होती आणि तरी तो डेटा सुरक्षिततेसाठी कुचकामी होता.

म्हणून फॉर्मांना दोन वेग द्या. जलद फॉर्म एका पानाचा: बाळाचा क्रमांक, भरतीची तारीख-वेळ, औषधाचा पहिला डोस खरंच दिला का, 72 तासांना जिवंत की नाही, आणि तुमच्या औषधापुरत्या दोन-तीन खास गोष्टी. हा 72 तास पूर्ण झाल्यावर दोन दिवसांत डेटाबेसमध्ये आलाच पाहिजे. मृत्यू मात्र 24 तासांत. बाकी सविस्तर माहिती, म्हणजे मेंदूची सोनोग्राफी, दुधाचं प्रमाण, व्हेंटिलेटरचे दिवस, आरामात आली तरी चालेल.

हे किती महत्त्वाचं आहे ते एसएआयएल या चाचणीत दिसलं. तिचा निकाल 2019 मध्ये आला. अगदी लहान बाळांना जन्मल्याबरोबर फुप्फुसं उघडण्यासाठी हवेचा एक लांब दाब द्यायचा, अशी कल्पना. मुख्य निष्कर्ष गर्भकाळ धरून 36 आठवडे वयाचा होता: मृत्यू किंवा फुप्फुसाचा दीर्घ आजार, म्हणजे बीपीडी. त्यात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. पण 48 तासांच्या आतले मृत्यू लांब दाबाच्या गटात 7.4 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत 1.4 टक्के होते. 600 बाळं घ्यायची होती, ती पूर्ण होण्याआधीच चाचणी इजेमुळे थांबवली गेली. 48 तासांतला मृत्यू ही सुरक्षिततेची बाब म्हणून आधीच ठरवून ठेवलेली होती, हे इथे लक्षात घ्या. नुसत्या 36 आठवड्यांच्या आकड्यावर डोळा ठेवला असता तर काही दिसलं नसतं, कारण गेलेल्या बाळाला बीपीडी होत नाही. पहिल्या दोन दिवसांत जास्त बाळं दगावणारी पद्धत बीपीडीच्या एकट्या रकान्यात उलट चांगलीसुद्धा दिसू शकते.

आता गंभीर घटनांचं. एसएईची, म्हणजे गंभीर घटनेची, प्रमाण व्याख्या तुम्हाला पाठ असेल: मृत्यू, जिवावर बेतणं, भरती करावी लागणं किंवा भरती लांबणं, अपंगत्व. ही व्याख्या घरून चालत ओपीडीत येणाऱ्या प्रौढांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. एनआयसीयूतलं बाळ आधीच भरती आहे आणि बहुतेक वेळा जिवावर बेतलेलंच असतं. अक्षरशः पाळायचं म्हटलं तर प्रत्येक ॲप्निया (श्वास थांबणं), प्रत्येक रक्तसंक्रमण, प्रत्येक फोटोथेरपी एसएई ठरते. मग सिस्टर रात्री दोन वाजता सहा पानी फॉर्म भरत बसतात, कमिटीच्या टेबलावर ढीग पडतो, आणि त्या ढिगातलं खरं कामाचं पान कोणी वाचत नाही.

मी असं करतो. अपुऱ्या दिवसांमुळे होणाऱ्या ठरलेल्या गोष्टींची यादी प्रोटोकॉलमध्ये आधीच घालायची: एनईसी (आतड्याचा गंभीर दाह), मेंदूतला रक्तस्राव, आरओपी (डोळ्याच्या पडद्याचा आजार), उशिराचा सेप्सिस, पीडीए (हृदयाजवळची न मिटलेली रक्तवाहिनी), बीपीडी वगैरे. या गोष्टी एसएई म्हणून एकेक कळवायच्या नाहीत. प्रत्येक बाळाच्या नियमित फॉर्मवर हो किंवा नाही असं विचारायचं. यादीबाहेरचं काही घडलं, किंवा यादीतलंच पण डॉक्टरांना विचित्र वाटलं, तर मात्र लगेच एसएई. मृत्यू कोणत्याही कारणाने असो, लगेच. नियामकांचे स्थानिक नियम याच्या वर असतात, ते तपासून घ्या. अनपेक्षित आणि औषधाशी संबंध असल्याचा संशय असलेली घटना जीवघेणी असेल तर 7 दिवस, नाहीतर 15 दिवस, ही आंतरराष्ट्रीय मुदत सहसा सगळीकडे लागू असते.

या पद्धतीत एक फसगत होते. यादीतली गोष्ट एसएई नाही म्हटल्यावर ती कोणाचीच जबाबदारी उरत नाही. एनईसी 'अपेक्षित' आहे, पण एका गटात 4 आणि दुसऱ्यात 13 ही अपेक्षित गोष्ट नव्हे. यादीतली प्रत्येक बाब गटवार तक्त्यात दर बैठकीला समितीसमोर आलीच पाहिजे, हे समितीच्या सनदेत, म्हणजे तिच्या नियमावलीत, लिहून ठेवा.

तीव्रता ठरवायला प्रौढांची मोजपट्टी वापरू नका. 'दैनंदिन कामात अडथळा' हा निकष दोन दिवसांच्या बाळाला लावायचा कसा? इंटरनॅशनल निओनेटल कन्सॉर्शियमने 2019 मध्ये नवजातांसाठी वेगळी मोजपट्टी दिली आहे. तिच्यात पाच पायऱ्या आहेत, आणि नेहमीच्या 35 घटनांसाठी वेगळे निकष. बाळाचं वागणं वयाला साजेसं आहे का, मूलभूत शरीरक्रिया बिघडल्या का, उपचार बदलावे लागले का, यावर ती चालते. 'औषधाशी संबंध: शक्यता कमी' या चौकटीतल्या खुणेवर मात्र फार भिस्त ठेवू नका. सल्फाच्या काळात असा फॉर्म असता, तर प्रत्येक बाळापुढे हीच खूण पडली असती.

आता रोजच्या घोळांकडे येतो, कारण समिती कितीही शहाणी असली तरी तिच्यासमोरचा आकडा चुकीच्या गटात पडला असेल तर ती काय करणार?

सगळ्यात जास्त घोळ ओळखीचा. बाळाला नाव नसतं, आईच्या नावाने चालतं, आणि जुळी असली की दोघांची एकच आई. एका चाचणीत समितीचा अहवाल तीन दिवसांवर आला असताना संगणकाने एक क्वेरी काढली: अमुक बाळाचा मृत्यू 6 तारखेला, आणि त्याच बाळाचं वजन 9 तारखेला नोंदलेलं, 1,140 ग्रॅम. सगळ्यांना वाटलं 6 चा 9 झाला असेल. मी केंद्रावर फोन करून मूळ केस शीट उघडायला लावली. तारखा दोन्ही बरोबर होत्या. गेलं होतं ते जुळ्यांपैकी दुसरं. प्रसूतिगृहात सोनोग्राफीतल्या 'ट्विन ए'ला पहिलं म्हटलं होतं, तर एनआयसीयूत आधी जन्मलेल्याला. भरतीच्या दिवसापासून दोघांचे कागद उलटसुलट लागत होते, आणि आमच्या चाचणीत जुळ्यांना वेगवेगळं रँडमाइज केलं होतं, म्हणजे प्रत्येकाचा गट चिठ्ठी टाकल्यासारखा स्वतंत्र ठरला होता. म्हणजे एक मृत्यू सरळ समोरच्या गटात मोजला जाणार होता. जिवंत बाळाचं वजन कोणी नेमाने लिहिलं म्हणून सापडलं, नाहीतर गेलंच होतं. तेव्हापासून माझा नियम: क्रमांक जन्मक्रमावर, जन्माची मिनिटासकट वेळ सक्तीची, पायातल्या पट्ट्यावर चाचणीचा क्रमांक, आणि मृत्यूच्या प्रत्येक नोंदीची मूळ कागदाशी पडताळणी करणारा माणूस वेगळा.

दुसरा घोळ वयाचा. जन्माचा दिवस 0 की 1? रात्री 11.50 ला जन्मलेलं बाळ 12.40 ला 'एक दिवसाचं' असतं का? चार केंद्रं चार पद्धतींनी मोजतात, आणि 28 दिवसांच्या मृत्यूचा आकडा कडेला हलतो. उपाय सोपा: फॉर्मवर वय विचारूच नका. फक्त तारीख आणि वेळ घ्या, वय संगणकाला काढू द्या.

गर्भकाळाचं तर विचारू नका. 27 आठवडे 6 दिवस हे डॉक्टर 27.6 असं लिहितात. संगणक ते दशांश समजतो, म्हणजे 27 आठवडे आणि साधारण 4 दिवस. आणि कोणी उत्साहाने पूर्णांक केला की 28. रँडमायझेशनमध्ये 28 आठवड्यांची रेघ असेल तर बाळ चुकीच्या बाजूला पडलं. आठवड्यांचा रकाना वेगळा, दिवसांचा वेगळा, आणि दिवसांच्या रकान्यात 0 ते 6 सोडून काही घेऊच नये. बिलिरुबिनसाठी एककाचा रकाना ठेवा. दोन एककांमध्ये 17.1 पटींचा फरक आहे. वजन ग्रॅममध्येच घ्या. सगळी वजनं 1,500 आणि 2,000 वर गोळा झालेली दिसली तर वजनकाटा बघायला माणूस पाठवा. आणि प्रयोगशाळेच्या प्रौढ मर्यादा डेटाबेसमध्ये घालू नका. पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, बरंचसं आईचं असतं, त्यावर लाल झेंडा लावून उपयोग काय?

यंत्रातून येणारा डेटा खरा मानायची सवय असेल तर ऑक्सिजनच्या चाचण्यांची हकिगत ऐका. 2010 च्या आसपास अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 85 ते 89 ठेवावं की 91 ते 95, हे पाहणाऱ्या मोठ्या चाचण्या चालू होत्या. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की पल्स ऑक्सिमीटर 87 ते 90 या पट्ट्यात अपेक्षेपेक्षा कमी वेळा आकडा दाखवतोय. कारण कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये निघालं. चाचणीच्या मध्येच ते बदललं. डिसेंबर 2010 मध्ये एकत्रित सुरक्षितता विश्लेषणानंतर दोन्ही देशांत भरती थांबली. नंतर छापलेल्या निकालात, सुधारित यंत्रं लावलेल्या बाळांमध्ये मृत्यू कमी सॅच्युरेशनच्या गटात 23.1 टक्के आणि जास्तच्या गटात 15.9 टक्के होते. कोणत्या बाळाला कोणतं सॉफ्टवेअर लागलं याची नोंद होती, म्हणून हा फरक वेगळा काढता आला. तुमच्या फॉर्मवर यंत्राचं मॉडेल आणि आवृत्ती यांचा रकाना आहे का? बहुतेकांच्या नसतो.

सोबतच्या औषधांचंही तसंच. अगदी कमी वजनाच्या बाळांना सुरुवातीपासून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देणारी एक चाचणी 360 बाळांवर थांबवावी लागली, कारण त्या गटात आतड्याला आपोआप छिद्र पडण्याचं प्रमाण वाढलं. इंडोमेथासिन हे दुसरं औषधही मिळालेल्या बाळांमध्ये तो धोका एकवटलेला होता. इंडोमेथासिन कधी दिलं याची तारीखवार नोंद नसती तर नुसतं 'स्टेरॉइड वाईट' एवढाच निष्कर्ष निघाला असता. आणि कोणी औषध म्हणत नाही त्याचीही नोंद ठेवा. 1982 मध्ये छोट्या बाळांमधल्या गूढ मृत्यूंचं मूळ नळ्या धुवायच्या सलाइनमधल्या बेंझाइल अल्कोहोल या प्रिझर्व्हेटिव्हमध्ये सापडलं होतं.

एक छोटी पण नेहमी विसरली जाणारी गोष्ट: चाचणीने घेतलेलं रक्त. युरोपीय मार्गदर्शनानुसार संशोधनासाठी एका वेळी एकूण रक्ताच्या 1 टक्क्यापेक्षा आणि चार आठवड्यांत 3 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये. एक किलोच्या बाळात रक्तच 80 ते 90 मिली. म्हणजे एका वेळी एक मिलीसुद्धा नाही, आणि महिनाभरात जेमतेम अडीच मिली. सांडलेलं, गोठलेलं, पुन्हा घ्यावं लागलेलं, सगळं यात धरायचं. प्रत्येक नमुन्याचे मिली डेटाबेसमध्ये टाका आणि बेरीज मर्यादेजवळ गेली की केंद्राला इशारा जाईल असं करा.

आता समिती. तीन ते पाच माणसं पुरतात: एनआयसीयूत प्रत्यक्ष काम केलेले दोन नवजाततज्ज्ञ, एक संख्याशास्त्रज्ञ, जमलं तर एक औषधशास्त्राचा जाणकार. तुमच्या चाचणीत कोणाचाही हितसंबंध नको. पहिली बैठक पहिल्या बाळाआधी घ्या, तीत सनद मंजूर करा. गटवार अहवाल तयार करणारा संख्याशास्त्रज्ञ तुमच्या टीमबाहेरचा हवा, आणि तुम्ही स्वतः तो अहवाल पाहायचा नाही. बैठकीच्या उघड्या भागात तुम्ही असाल, बंद भागात उठून जाल. अहवालात 'गट अ' आणि 'गट ब' असं झाकून ठेवायची एक रीत आहे. मला ती मुळीच पटत नाही. इजा नव्या औषधाकडे झुकतेय की जुन्याकडे यावर निर्णय बदलतो; ज्यांच्यावर विश्वास ठेवून बसवलंय त्यांच्या डोळ्यांवर पट्टी कशाला?

किती वेळा बघायचं हे आधी ठरवा. नेहमीच्या 0.05 च्या पातळीवर, म्हणजे एका वेळी योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के धरून, पाच वेळा डोकावलं, तर मुळात फरक नसतानाही कधीतरी 'फरक' दिसण्याची शक्यता 14 टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे फायदा दिसला म्हणून चाचणी थांबवायची रेघ कडक हवी. हेबिटल-पेटो पद्धतीत ती 0.001 च्या आसपास असते. इजेसाठीची रेघ मी सैल ठेवतो. काहींना हा पक्षपात वाटतो, पण मृत्यूकडे झुकलेला काटा 0.001 ला टेकेपर्यंत वाट पाहायला सांगणारा संख्याशास्त्रज्ञ मला अजून भेटलेला नाही. फायद्यासाठी थांबलेल्या चाचणीचं उदाहरण हवं तर जागतिक आरोग्य संघटनेची, जन्मल्याबरोबर लगेच कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवणं, देण्याची चाचणी बघा. पाच देशांत चाललेली, 4,200 बाळांची योजना होती. 28 दिवसांतले मृत्यू कांगारू गटात 12.0 टक्के आणि तुलनेच्या गटात 15.7 टक्के दिसले, तेव्हा समितीच्या शिफारशीवरून ती 3,211 बाळांवर थांबवली. 2021 मध्ये निकाल आला. अशी शिफारस पुढच्या शेकडो बाळांची वाट बदलते, त्यामुळे त्या दिवशी समितीपुढचा मृत्यूंचा रकाना पूर्ण असावा लागतो. 'आणखी काही फॉर्म यायचेत' हे वाक्य तिथे चालत नाही. अहवालाच्या पहिल्याच पानावर, किती बाळांचे 28 दिवस पूर्ण झाले आणि त्यातल्या किती जणांची माहिती हातात आहे, हे गटवार लिहा. एका गटात 98 टक्के आणि दुसऱ्यात 89 असेल तर बाकी तक्ते वाचण्याआधी तिथेच थांबायचं.

घरी गेलेल्या बाळांचा माग दोन वर्षांच्या दुरुस्त वयापर्यंत (म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या) ठेवायची तरतूद अंदाजपत्रकात आत्ताच करा. सुरुवातीच्या दिवसांत दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने बाळं व्हेंटिलेटरवरून लवकर सुटत होती. सेरेब्रल पाल्सी वाढल्याचं दिसलं ते पुढे, मुलं चालायच्या वयात आल्यावर.

भरती सुरू करायच्या आधी दहा खोटी बाळं तयार करा आणि चारही केंद्रांना ती डेटाबेसमध्ये घालायला सांगा. एक जोडी जुळ्यांची, वेगवेगळ्या गटांतली. एक बाळ रँडमायझेशननंतर पण पहिल्या डोसाआधी गेलेलं. एक चौथ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात हलवलेलं. एकाच्या आईने नवव्या दिवशी संमती काढून घेतलेली. एक मध्यरात्रीच्या दहा मिनिटं आधी जन्मलेलं, 27 आठवडे 6 दिवसांचं. मग त्या दहांचा बंद अहवाल तयार करून समितीला पाठवा आणि किती मृत्यू कोणत्या गटात दिसतात ते विचारा. आमच्याकडे पहिल्या खेपेला चार केंद्रांकडून तीन वेगळी उत्तरं आली, आणि भरती सहा आठवडे पुढे ढकलली.